फोटोलाही हिशेब विचारूया



बचत गटाच्या बैठकीत दहा रुपये जरी आले, तरी आपण विचारतो, कोणी दिले, कधी दिले, कशाचे दिले? मगच नोंदवहीत लिहितो. पण मोबाईलवर फोटो आला की काही न विचारता पुढे पाठवून मोकळ्या होतो. आज त्याबद्दलच बोलूया.

गेल्या दिवाळीत आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. अंधारात भारताचा नकाशा आणि त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिवे. खाली लिहिलं होतं, 'दिवाळीच्या रात्री नासाने अवकाशातून काढलेला भारत.' आम्हाला अभिमान वाटला. आम्हीच तो पुढे ग्रामसंघाच्या ग्रुपवर टाकला. आमच्यातल्या एका ताईंच्या मुलीने तो शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तक्त्यावर चिकटवला. बाई म्हणाल्या, "अगं, हा दिवाळीचा फोटो नाहीच." पोर रडत घरी आली. म्हणाली, "आईच्या गटातून आला, म्हणून मला खरा वाटला." ते बोलणं आमच्या मनाला फार लागलं.

मग आम्ही शोध घेतला. ते चित्र क्रिस एल्व्हिज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये उपग्रहांच्या माहितीवरून तयार केलं होतं. वस्ती कशी वाढत गेली, ते दाखवण्यासाठी त्यात रंग भरले होते. 1992 च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, 1992 मध्ये दिसू लागलेले निळे, 1998 चे हिरवे आणि 2003 चे लाल. म्हणजे ती एका रात्रीची रोषणाई नाही, कित्येक वर्षांची गोळाबेरीज आहे. नासाने 2012 च्या दिवाळीत 12 नोव्हेंबरच्या रात्रीचं खरं चित्र दाखवलं. त्यात नेहमीचेच शहरांचे दिवे होते. दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की तो अवकाशातून बहुधा कळतही नाही, असं नासाने सांगितलं.

मैत्रिणींनो, असे फोटो ओळखायला मोठं शिक्षण लागत नाही. तिथी आपल्याला तोंडपाठ असतात, त्याच वापरायच्या. लक्ष्मीपूजन अमावास्येच्या सुमारास येतं. त्या रात्रीच्या फोटोत पूर्ण चंद्र दिसला, तर फोटो खोटा. सूर्यग्रहण अमावास्येला आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं. चंद्रकोरीच्या पोटात चांदणी दिसली, तरीही फोटो खोटा. कोर दिसत असली तरी चंद्र अख्खा गोलच असतो, त्याचा बाकीचा भाग फक्त अंधारात असतो. चांदण्या त्याच्या कितीतरी मागे. भिंतीआडचा दिवा आपल्याला दिसतो का?

दर ऑगस्टमध्ये आणखी एक निरोप फिरतो, '27 तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार.' 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता, हे खरं. पण जवळ म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरहून जास्त! चंद्र आहे पावणेचार लाखांच्या आसपास. मंगळ डोळ्यांना ठिपक्याएवढाच दिसतो. मूळ निरोपात दुर्बिणीतून बघण्याची गोष्ट होती. पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली आणि मंगळ मोठा झाला.

आता आमच्या गटाने ठराव केला आहे. फोटो आला की तीन गोष्टी विचारायच्या. कोणी काढला? कधी काढला? कुठून काढला? उत्तर नसेल तर गूगल लेन्सवर तो फोटो टाकून बघायचा. तेच चित्र जुन्या तारखेचं निघालं तर तिथेच थांबायचं. निरोपावर दोन बाण दिसले, म्हणजे तो अनेकदा पुढे पाठवलेला आहे, तेव्हा जास्त सावध राहायचं. आणि आपल्याकडून चूक झाली, तर ज्या ग्रुपवर फोटो टाकला त्याच ग्रुपवर 'हा खोटा होता' असं लिहायचं. आम्ही तसं लिहिलं. त्या मुलीचीही माफी मागितली.

आकाशाच्या खोट्या फोटोने कुणाचं काय बिघडतं, असं वाटेल. पण आज न विचारता फोटो पाठवणारं बोट उद्या खोट्या औषधाचा आणि खोट्या कर्जाचाही निरोप पाठवतं. गट चालतो तो एकमेकींवरच्या विश्वासावर. तो पैशाइतकाच जपूया.

आज रात्री अंगणात या, मुलांना घेऊन खरं आकाश बघा. त्यासाठी मोबाईल लागत नाही.