जखमी हृदय आणि वेळेचं गणित



हृदयविकाराचा झटका आला की सगळ्यांचं लक्ष पहिल्या काही तासांवर असतं. रुग्णालय वेळेत गाठलं का, अँजिओप्लास्टी झाली का, बंद पडलेली धमनी उघडली का. ते योग्यच आहे, कारण जितका उशीर तितका स्नायू जातो. पण एकदा ‘आता धोका टळला’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की त्यानंतर हृदयाच्या भिंतीत काय चालू असतं याविषयी आपण फारसं बोलत नाही. आज मी बोलणार आहे त्या पुढच्या दोन-तीन आठवड्यांविषयी, आणि त्यांचा हिशेब मांडू पाहणाऱ्या गणिताविषयी.

मोठ्या झटक्यात हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातल्या जवळपास एक अब्ज स्नायूपेशी मरू शकतात. त्यांच्या जागी नव्या स्नायूपेशी जवळजवळ येतच नाहीत. शरीराला एवढंच करता येतं, की मेलेल्या पेशी हटवायच्या आणि तिथे कोलॅजनचा घट्ट व्रण तयार करायचा. मेलेल्या पेशी हटवण्याचं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. काही तासांतच न्यूट्रोफिल पेशी तिथे पोचतात आणि एक ते तीन दिवसांत त्यांची संख्या शिगेला जाते. त्यांच्या मागोमाग मोनोसाइट येतात. ऊतीत शिरल्यावर त्यांच्यापासून मॅक्रोफेज तयार होतात आणि मेलेलं सगळं खाऊन टाकतात. पण मॅक्रोफेजची कामं दोन आहेत. सुरुवातीचे मॅक्रोफेज दाह वाढवणारी रसायनं सोडतात. नंतरचे मॅक्रोफेज दाह शमवतात आणि व्रण विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना कामाला लावतात. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २००७ साली उंदरांच्या हृदयात हे दोन टप्पे स्पष्ट दाखवले. पहिले तीन-चार दिवस एका प्रकारच्या मोनोसाइटचं प्राबल्य असतं, पाचव्या दिवसाच्या सुमारास ते दुसऱ्या प्रकाराकडे जातं.

मग हा दाह चांगला म्हणायचा की वाईट?

अनेक वर्षं वैद्यकाचं उत्तर सरळ होतं: दाह म्हणजे नुकसान, तेव्हा तो दाबा. त्यासाठी झटका आलेल्या रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन पाहिलं गेलं. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याने फायद्याऐवजी अपायच झालेला दिसला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दिल्यावर मेलेल्या पेशी वेळेत साफ झाल्या नाहीत आणि व्रण पातळ राहिला. पातळ व्रण ताणला जातो, हृदय फुगत जातं, क्वचित भिंत फुटतेही. पुढे २०१७ मध्ये उंदरांतल्या न्यूट्रोफिल पेशीच काढून टाकण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या पेशींना आपण नासधूस करणाऱ्या समजत होतो, त्या नसताना हृदयाचं कार्य आणखी बिघडलं. त्याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. त्या मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि हे गिळणंच मॅक्रोफेजला दुरुस्तीच्या कामाकडे वळवतं. म्हणजे दाहाची अखेर त्याच्या सुरुवातीतच पेरलेली असते.

तेव्हा प्रश्न ‘दाह हवा की नको’ असा राहत नाही. किती, आणि केव्हापर्यंत, असा तो होतो. आणि ‘किती’ व ‘केव्हापर्यंत’ हे प्रश्न आले की गणिताला बोलवावंच लागतं.

हे गणित समजायला धरणाचा साठा डोळ्यांसमोर आणा. आज धरणात किती पाणी आहे हे ठाऊक असेल, दिवसाला किती येतं आणि किती जातं हे ठाऊक असेल, तर उद्याचा साठा सांगता येतो. हृदयाच्या जखमी भागातल्या प्रत्येक प्रकारच्या पेशींसाठी असाच हिशेब मांडतात. मॅक्रोफेजच्या संख्येत दर तासाला होणारा बदल म्हणजे रक्तातून नव्याने आलेले, वजा मेलेले किंवा निघून गेलेले. फरक एवढाच, की इथे आवक आणि जावक एकमेकांवर अवलंबून आहेत. मेलेल्या स्नायूपेशी जास्त, तर न्यूट्रोफिलची आवक जास्त. दाह वाढवणारी रसायनं जास्त, तर मोनोसाइटची आवक जास्त. दाह शमवणारं इंटरल्यूकिन-१० हे रसायन वाढलं, की तीच आवक आटते. अशी सहा-आठ समीकरणं एकत्र बांधली म्हणजे झालं मॉडेल. ही समीकरणं हाताने सुटत नाहीत. संगणक छोट्या छोट्या पावलांनी त्यांचा माग काढतो आणि दिवसागणिक आलेख काढून देतो.

या पद्धतीचं मुंबईशी जुनं नातं आहे. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीच्या रोगांचं गणित मांडलं. कोविडच्या काळात आपण ऐकलेल्या अंदाजांच्या मुळाशी तेच होतं. आपलं सूत्र वास्तवाशी जुळतं का हे पाहण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे. मॅकेंड्रिक स्वतः हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत काम केलेले डॉक्टर होते. एका शहरातली माणसं निरोगी, आजारी आणि बरी-किंवा-मृत अशा गटांतून कशी सरकतात याची ती समीकरणं, आणि एका हृदयातल्या पेशी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत कशा जातात याची ही समीकरणं, एकाच कुळातली आहेत.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे अभियंते आणि हृदयाचे अभ्यासक एकत्र आले आणि २०११ साली त्यांनी उंदरांवरची मोजमापं व समीकरणं जोडून मॅक्रोफेज, फायब्रोब्लास्ट आणि कोलॅजन यांचं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यानंतर अनेकांनी त्यात भर घातली. अशा मॉडेलमध्ये एक गोष्ट करता येते, जी रुग्णावर कधीच करता येणार नाही: तोच झटका पुन्हा पुन्हा देऊन पाहणं. औषध पहिल्या दिवशी दिलं तर काय, चौथ्या दिवशी दिलं तर काय, निम्म्या मात्रेत दिलं तर काय. आणि प्रयोगांतून नवं काही कळलं, की मॉडेलही सुधारावं लागतं. आत येणाऱ्या मोनोसाइटचा हिशेब नुसत्या अस्थिमज्जेवर मांडून भागत नाही. २००९ साली उंदरांत दिसलं, की प्लीहेत मोनोसाइटचा मोठा साठा असतो आणि झटक्यानंतर तो तिथून निघून हृदयाकडे जातो. म्हणजे समीकरणात आवकीचा आणखी एक स्रोत धरायला हवा.

आता हे सगळं रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलं आहे का? अजून नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. कोल्चिसिनचं उदाहरण घ्या. गाउटवर दिलं जाणारं हे जुनं, स्वस्त औषध दाह कमी करतं. २०१९ साली ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर महिन्याभराच्या आत ते सुरू केल्याने पुढचे धोके घटले. त्याच आकड्यांच्या नंतरच्या विश्लेषणात पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेल्यांना जास्त लाभ झालेला दिसला. मग २०२४ साली ७,०६२ रुग्णांची दुसरी चाचणी आली, तिच्यात औषध झटक्यानंतर लवकर सुरू केलं होतं, आणि फायदा दिसला नाही. माझं मत असं, की हजारो रुग्णांची सरासरी काढताना प्रत्येकाचा आलेख हरवतो. कुणाचा दाह तिसऱ्या दिवशी ओसरू लागतो, कुणाचा दहाव्या दिवशीही चढाच असतो. दोघांना एकाच दिवशी एकच गोळी दिली, तर एकाला ती तारेल आणि दुसऱ्याच्या व्रणाच्या आड येईल, ही शक्यता आपल्याला गांभीर्याने घ्यावी लागेल.

आणि प्रत्येकाचा आलेख वेगळा पाहणं आपल्यासाठी विशेष महत्त्वाचं आहे. मॉडेलमधले बहुतेक आकडे तरुण, निरोगी उंदरांचे आहेत, आणि उंदराचा व्रण माणसापेक्षा लवकर भरतो. आपल्याकडचा रुग्ण कसा असतो? एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ वर्षं आढळलं, तर त्या अभ्यासातल्या इतर देशांत ते जवळपास ५९ होतं. आपल्याकडच्या रुग्णांपैकी कित्येकांना मधुमेह असतो, आणि मधुमेहात दाह ओसरायला वेळ लागतो. अशा रुग्णाचं रक्त पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी तपासून पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजले आणि काही आठवड्यांनी एमआरआयवर व्रणाची जाडी पाहिली, तर समीकरणातले आकडे त्याचे स्वतःचे होतील. या मोजण्या आपल्या मोठ्या रुग्णालयांना अशक्य नाहीत. त्या ठरवून, सलग आणि एकाच पद्धतीने करायला हव्यात, आणि त्या करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाच्या शेजारी गणिताचा माणूस पहिल्या दिवसापासून बसलेला असायला हवा.