बालमजुरी आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



आपल्या मंडळात नोकरदार आहेत, तसेच दुकानदार, कारखानदार आणि विटा-आटपाडीकडून येऊन सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करणारेही आहेत. त्यामुळे आजचा विषय सरकारला चार बोल लावून संपवता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वर्षे वयाची सुमारे १ कोटी मुले काम करताना आढळली. कायदा नाही असे नव्हे. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यावर सर्वत्र बंदी आली. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत मात्र राहिली. आमच्या मते हीच फट मोठी आहे. कारण पुष्कळसे काम आता कारखान्यात होतच नाही, ते घरोघर होते.

भदोही-मिर्झापूरकडील गालिच्यांचा धंदा पाहा. निर्यातदार नक्षीचा कागद आणि लोकर ठेकेदारास देतो, ठेकेदार खेड्यातील मागवाल्यास. प्रत्येकाने आपला हिस्सा काढून घेतल्यावर तळाशी जे उरते, त्यात प्रौढ विणकर परवडत नाही. मग कोणा गरीब बापास उचल देऊन त्याचे मूल मागावर बसवले जाई. कोवळ्या बोटांनीच गाठ बारीक बसते, ही समजूत धंद्याने सोयीसाठी जपली. वास्तविक उत्तम गालिचे मुरलेले कारागीरच विणतात.

१९९४ मध्ये कैलाश सत्यार्थी प्रभृतींच्या पुढाकाराने ‘रगमार्क’ ही योजना निघाली. २००९ पासून ती ‘गुडवीव्ह’ या नावाने चालते. निर्यातदाराने आपल्या मागांची यादी द्यावयाची, निरीक्षक पूर्वसूचना न देता येणार, आणि गालिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी लागणार. आम्हांस त्या चिठ्ठीपेक्षा यादी अधिक मोलाची वाटते. आपला माल कोणाच्या झोपडीत तयार होतो हेच ज्यास ठाऊक नाही, त्याच्या प्रतिज्ञापत्रास काय किंमत?

मूल सापडताच मागवाल्याशी व्यवहार तोडणे सोपे असते. पण ते मूल शाळेत जात नाही, दुसऱ्या मागावर जाते. सियालकोटला १९९७ च्या करारानंतर चेंडू शिवण्याचे काम घरांतून केंद्रांत नेले. देखरेख सुधारली, परंतु घराबाहेर पडणे ज्यांना शक्य नव्हते अशा अनेक स्त्रियांची कमाई बुडाली. शिवकाशीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाने मुलामागे २०,००० रुपये भरावेत असे ठरवले, आणि त्याच्या घरातील प्रौढास काम मिळावे याकडेही लक्ष वेधले. हा दुसरा भाग व्यापाऱ्याने न्यायालयाची वाट न पाहता उचलावा. मुलाच्या जागी त्याच्या आईला किंवा थोरल्या भावाला पूर्ण मजुरीवर घ्यावे. अर्थात भाव पाडून घ्यावयाचा, पैसे तीन महिन्यांनी द्यावयाचे आणि वर बालमजुरी नको म्हणावयाचे, हा व्यवहार नव्हे.

आता आपल्याकडचे. गावाहून ‘मुलगा धंदा शिकायला पाठवतो’ असा निरोप आला, की आधी शाळेचा दाखला मागवावा. तेजाब आणि भट्टी यांच्याजवळ १८ वर्षांखालील कोणासही उभे करू नये. वय १४ च्या आत असेल, तर त्यास येथे आणणे ते केवळ शाळेत घालण्यासाठी; आणि त्याच्या घरी पैशाची नड असेल, तर थोरल्या भावास बोलवावे.