गुरुजी, फोटो कशाला?



शिक्षकाने मोबाईल वापरावा की नाही, हा वाद आता संपला आहे. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरही व्हॉट्सॲपचे गट निघाले. वर्ग उठला आणि बापाच्या फोनात जाऊन बसला. बाप कामावर गेला की वर्गही त्याच्याबरोबर गेला! जिथे टेकाड चढल्याखेरीज रेंज मिळत नाही, तिथे पोरे टेकाडावर बसली. पुढे शाळा भरल्या, पण गट राहिले, आणि त्यांच्याबरोबर आम्हां शिक्षकांच्या काही सवयीही राहिल्या.

प्रथम आमचीच चूक सांगतो. 22 जुलै 2021 रोजी महाडात पुराचे पाणी भरले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली. मागाहून मदत आली. आम्ही मुलांना ओळीने उभे करून वह्या वाटल्या, फोटो काढला आणि देणाऱ्यांस पोच मिळावी म्हणून गटावर टाकला. हेतू चांगला होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो मुंबईच्या चाकरमान्यांत फिरला. आठवीतली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली.

"गुरुजी, वह्या कामी आल्या, नाही म्हणत नाही. पण आमची पोर हात पसरून उभी, हे मुंबईच्या पावण्यांनी बघितलं. फोटो कशाला काढलात?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. फोटो पुसला, पण पुसला तो आमच्या गटावरून. पुढे गेलेला कोण पुसणार?

2023 च्या विदा-संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकाच्या संमतीची तरतूद आहे. कायदा आला हे बरे झाले, तथापि त्या माउलीला तो ठाऊक असण्याची गरज नव्हती.

गुणांचे तसेच. नापासांची यादी गटावर टाकणारा शिक्षक ती साऱ्या वाडीच्या ओट्यावर वाचून दाखवत असतो. एकट्या विद्यार्थ्याशी, त्यातून विद्यार्थिनीशी, रात्री दहाला खासगी निरोपांची देवघेव करावयाचे कारणच काय? अभ्यासाची शंका सर्वांसमक्ष गटावर सुटते. नाजूक गोष्ट असेल तर पालकांस शाळेत बोलवावे.

अफवांच्या बाबतीत तर आमची जबाबदारी दुप्पट. गुरुजींनी धाडले म्हणजे खरे, असे गाव धरून चालते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, ती आठवण या मुलुखात अजून ओली आहे. येथे 'पूल गेला' असा निनावी निरोप पुढे ढकलला तर किती घरांत रात्रभर दिवा जळेल? तहसील कचेरीत विचारावे, मग लिहावे. आणि सुट्टीचा निरोप केवळ गटावर टाकून मोकळे होऊ नये. 2021 च्या पुरात फोनच बंद पडले होते. शिवाय ज्या घरी एकच फोन आहे आणि तो कामावर गेला आहे, तेथले पोर भर पावसात शाळेत येऊन उभे राहते.

हल्ली जूनमध्ये आम्ही पालकांकडून फोटोविषयी होकार-नकार लेखी घेतो. गेल्या खेपेस दोघांनी 'नको' लिहिले. कारण आम्ही विचारले नाही.