गोसेवा आणि जटायूचे कुळ
(मठाच्या वर्धापनोत्सवात ग्वाल्हेर येथे केलेले भाषण)



उत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या संतचरित्रावर बोलावे, अशी आपल्याकडील रीत आहे. मी मात्र आज गिधाडाविषयी बोलणार आहे. घराच्या आढ्यावर गिधाड बसले तर शांती करणारे आपण, जटायूची कथा आली की हात जोडून बसतो. तेव्हा हा विषय अगदीच अस्थानी ठरू नये.

रामराजाच्या दर्शनास आपल्यापैकी पुष्कळजण ओरछ्यास जातात. दर्शनानंतर बेतवेच्या काठी बुंदेल राजांच्या छत्र्या पाहताना मान जरा वर करावी. त्या उंच शिखरांच्या आडोशाने लांब चोचीची गिधाडे आजही घरटी करतात. पूर्वी हे पक्षी पाहण्यास इतके दूर जावे लागत नसे. १९८० च्या सुमारास देशात ती कोट्यवधी होती असा अंदाज आहे. गावाबाहेर ढोर पडले की थवा उतरे आणि तासाभरात सांगाडा तेवढा उरे. पुढे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत जेमतेम एक उरली.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी हा ऱ्हास प्रथम नोंदविला. कोणास साथीच्या रोगाचा संशय आला, कोणास कीटकनाशकांचा. खरे कारण पाकिस्तानात लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले आणि २००४ साली ते प्रसिद्ध झाले. डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक, जे आपण गुडघेदुखीवर घेतो, तेच गुरांना टोचले जात होते. औषध दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, आणि रक्तातील यूरिक आम्ल आतल्या अवयवांवर पांढऱ्या थरासारखे साचते. शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी असे दूषित असले, तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे ठरते.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. पारध्याने पक्षी मारला असता तर त्यास बोल लावून आपण मोकळे झालो असतो. परंतु ही सुई गाईच्या कणवेने दिलेली होती. आमच्या घरची वृद्ध गाय सांध्यांच्या दुखण्याने उठेनाशी झाली, तेव्हा मीच तिला दोनदा ती देवविली. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि तिला गावाबाहेर ओढून नेले. ही गोष्ट कायदा होण्यापूर्वीची. पण कायदा नव्हता म्हणून माझे मन निवत नाही.

या औषधाचा गुरांसाठी वापर २००६ साली निषिद्ध झाला. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या आडमार्गाने गोठ्यात पोहोचू लागल्या, म्हणून २०१५ साली कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. ॲसिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनते. ते आणि कीटोप्रोफेन ही दोन्ही २०२३ साली गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅमने गाईचे दुखणे हटते आणि गिधाडास अपाय होत नाही. मग अडचण कसली?

कोणी म्हणेल, गिधाडे गेली तर आपले काय गेले? मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली, पाणवठे नासले, भटकी कुत्री वाढली. २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली असावीत, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला आहे. आणि आपल्या घरातील कपाटाचे काय? पाठ धरली की गोळी, डोके दुखले की गोळी! थोडी विश्रांती, थोडे चालणे, तेलाची मालीश, ही आपल्या आजीची शहाणीव आपण फार लवकर मोडीत काढली. वैद्याला न विचारता आणलेली बाटली घरात असली की ती गोठ्यात जाण्यास वेळ लागत नाही.

गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिलू सुमारे पाच वर्षांनी वयात येते. म्हणून ही हानी सावकाश भरून निघणार. तरीही मध्यप्रदेशातील गणनेत सर्व जातींची मिळून २०१९ साली ८,३९७ आणि २०२१ साली ९,४४६ गिधाडे आढळली, हे समाधानाचे आहे.

गोशाळेच्या व्यवस्थापकांस माझी हात जोडून विनंती आहे, की औषधांची फळी उद्याच पशुवैद्यांकडून तपासून घ्यावी, आणि निषिद्ध औषध दिलेली गाय दगावल्यास तिला उघड्यावर न टाकता खोल पुरावे. सकाळी काकड आरतीनंतर मी गोशाळेत येईन. ज्यांना सवड असेल त्यांनीही यावे.