लांबलेला मुक्काम



११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आजच्यासारखाच एक पदवीदान समारंभ झाला. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई जोशी त्या दिवशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या कौतुकासाठी इंग्लंडहून आलेल्या पाहुणीची गोष्ट मात्र समारंभ संपल्यावर सुरू होते. पंडिता रमाबाई तेव्हा चेल्टनमला शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन अटलांटिक ओलांडायचा, पदवीदान पाहायचं आणि थोड्याच दिवसांत परतायचं, एवढाच बेत होता. इंग्लंडमधल्या मंडळींना तर हे जाणंही फारसं रुचलं नव्हतं.

रमाबाई परतल्याच नाहीत.

मुक्काम वाढत वाढत १८८८ च्या अखेरीपर्यंत गेला. फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक तिथेच छापून घेतलं. व्याख्यानं देत, आगगाड्या बदलत त्या गावोगाव हिंडल्या आणि बोस्टनमध्ये त्यांच्या भारतातल्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली. मायदेशी निघाल्या त्याही आल्या वाटेने नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, सुरू झाली. अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तकही त्याच वर्षीचं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचं मनापासून कौतुक आहे; पण काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्या गप्प बसलेल्या नाहीत. समारंभाला येऊन लगेच फिरलेल्या पाहुणीला हे दिसलं नसतं. अर्थात, पुराण सांगत देशभर पायी फिरणाऱ्या आईबापांची ही लेक. रस्त्याची भीती तिला ठाऊकच नसावी.

आज इथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी काही जणही रमाबाईंसारखे शिकायला परदेशी जातील; ऑक्टोबरात ते जर्मनीत आखन, म्युनिक, ड्रेस्डेन अशा गावी असतील. तिथल्या मराठी विद्यार्थ्याचा दिनक्रम ओळखीचा आहे: खोली, लॅब, मेन्सा म्हणजे विद्यापीठाची खानावळ, शनिवारी पार्टटाइम शिफ्ट, मग आठवड्याचा किराणा आणि घरी व्हिडिओ कॉल. फिरणं ‘डिग्री झाल्यावर’. डिग्री झाली की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या १८ महिन्यांत बाहेर पडायला कुणाचा जीव धजत नाही. नोकरी लागली की रजेचा हिशोब पुण्याच्या तिकिटाभोवती फिरू लागतो. पाच वर्षं जर्मनीत काढून एक शहर आणि एक विमानतळ एवढाच देश पाहिलेली माणसं कमी नाहीत. पर्यटकाला आठ दिवसांत सगळं उरकायचं असतं, म्हणून त्याला आखणी लागते. तिथे राहणाऱ्याला ती सक्ती नाही. तरी तोच सगळ्यात जास्त आखतो आणि सगळ्यात कमी निघतो.

पैशांची सबब खोटी नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात आणि खोलीभाडं त्यातला मोठा घास घेतं. पण जर्मनीत २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोचं मासिक तिकीट निघालं, लोकांनी गाड्या भरून टाकल्या, आणि त्यातूनच मे २०२३ मध्ये ४९ युरोचं मासिक डॉइचलांडटिकिट आलं. जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरोला आहे. बऱ्याच विद्यापीठांत त्याची सवलतीची आवृत्ती सेमिस्टर फीमध्येच येते. म्हणजे पास खिशात असतोच. वापरला जातो तो खोलीपासून लॅबपर्यंत! तो देशभरातल्या रेगिओ म्हणजे प्रादेशिक गाड्या, ट्राम, शहरबस यांत चालतो. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत तेवढा चालत नाही. हे एका अर्थी बरंच, कारण रेगिओ छोट्या गावांना थांबते आणि थांबली की उतरता येतं.

आखनचंच बघा. तिथून शहरबसने नेदरलँड्समधल्या फाल्स गावी जाता येतं. गावाशेजारी ३२२ मीटर उंचीची टेकडी आहे, युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वोच्च ठिकाण! पुणे शहरच साधारण ५६० मीटरवर वसलेलं, तेव्हा सिंहगड चढलेल्या पोराने तिला हसावं हे साहजिक आहे. पण माथ्यावर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात आणि हे पाहायला कुठलंही आगाऊ बुकिंग लागत नाही. ट्रियरहून रेगिओने तासाभरात लक्झेंबर्ग. तिथे तर २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग फुकट आहे. सकाळी पाऊस थांबला म्हणून निघावं, इतकं हे सोपं आहे.

अचानक निघणं म्हणजे बेफाम निघणं नव्हे. शेंगेनमधल्या एका देशाचा निवासपरवाना असला की बाकीच्या देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस राहता येतं, पण पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवीत. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि गव्हाळ चेहऱ्याला कागद जरा लवकर विचारले जातात, हे इथेच सांगितलेलं बरं. कुठे चाललोय ते रूममेटला कळवावं. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या पाहावं. ती रद्दही होते, म्हणून तिच्या आधीची धरावी. आणि ब्रेड-चीज शनिवारीच घेऊन ठेवावं, कारण रविवारी दुकानं बंद असतात आणि स्टेशनावरचं सँडविच विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही.