ब्लूटूथची आरोळी

मी इंदूरची. मोबाइलची ॲप्स बनवते, आणि गेली काही वर्षं माझं काम मुख्यतः जागेवर चालणाऱ्या खेळांचं आहे. म्हणजे शहरातल्या एका ठरावीक ठिकाणी जाऊन उभे राहिलात की तुमच्या फोनवर काहीतरी घडतं, तसले खेळ. पण त्याआधी एक कबुली देते.

२००८ साली मी नोकरीला नवीन होते. एका मोठ्या शहरातल्या मॉलच्या दाराशी आम्ही एक पेटी बसवली होती, जेवणाच्या डब्याएवढी. आसपासच्या दहाएक मीटरमध्ये ज्या फोनचं ब्लूटूथ उघडं दिसेल त्याला सवलतीचं चित्र पाठवायचं, एवढंच तिचं काम. फोनवर प्रश्न यायचा, फाइल आली आहे, घ्यायची का? माणूस 'नाही' म्हणाला की पेटी थोड्या वेळानं पुन्हा पाठवायची. तसं आम्हीच लिहिलं होतं, आणि ऑफिसात त्याला 'पाठपुरावा' म्हणायचो! एक गृहस्थ घरी फोन लावत होते आणि दर वेळी मध्ये आमचा प्रश्न टपकत होता. शेवटी ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "अहो ताई, तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा मी काय वेगळं सांगणार आहे?" शिवाय हा व्हायरस असेल अशी त्यांना भीती होती. ती काही वेडगळ नव्हती. २००४ साली 'कॅबिर' नावाचा व्हायरस सिंबियन फोनांमध्ये ब्लूटूथवरूनच पसरला होता, आणि तोही असाच दारात उभा राहून 'घेता का?' म्हणून विचारायचा.

पण मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीनं बसला. पेटी एक नोंद ठेवायची : फोनचा पत्ता, फोनचं नाव, वेळ. लोक तेव्हा फोनला हौसेनं नावं द्यायचे, बहुधा स्वतःचीच. एकदा संध्याकाळी काम नव्हतं म्हणून मी ती फाइल वाचत बसले. एका मुलीचा फोन सलग चार शनिवार, साधारण त्याच वेळेला, दारातून आत आलेला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं आमची फाइल एकदाही घेतली नव्हती. तरी पुढच्या शनिवारी ती कधी येणार हे मला ठाऊक होतं. ती फाइल माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाच्या हातात असती तर? मी ती पुसली आणि साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बरं, पण पुढच्या महिन्याची पुसू नकोस." थोड्याच दिवसांत मी ती नोकरी सोडली.

आता यंत्र बदललं, ते कसं बदललं ते सांगते, कारण सगळी गोम त्यातच आहे. २०१३ मध्ये ॲपलनं आयबीकन आणलं. बीकन म्हणजे नाण्याच्या आकाराच्या सेलवर कित्येक महिने चालणारी चिमुकली वस्तू. ती सेकंदाला काही वेळा स्वतःचा क्रमांक हवेत सोडते. बस्स. तो कोणी ऐकला हे तिला कळत नाही. आपल्या गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी असते ना, तशी. ज्याला हवी तो खिडकीत येतो, बाकीचे आपापल्या कामात. आमची जुनी पेटी रस्त्यात हात धरून ओढत होती. आरोळी देणं आणि हात धरणं यातला फरक आपल्या बाजारांना पूर्वीपासून माहीत आहे.

मग सगळं छान झालं का? नाही. आरोळी निरागस असली तरी ऐकणारं ॲप तसं असेलच असं नाही. क्रमांक ऐकून ते मागच्या मागे सर्व्हरला कळवू शकतं, की हा माणूस या दुकानासमोर इतकी मिनिटं उभा होता. म्हणजे तुम्ही आरोळी ऐकलीत म्हणून भाजीवाला तुमच्या मागे घरापर्यंत आला. दुसरा धोका गोंगाटाचा. अँड्रॉइडवर 'निअरबाय नोटिफिकेशन्स' नावाची सोय होती, ॲप नसतानाही बीकनजवळ सूचना दिसायची. कल्पना चांगली, पण निरुपयोगी सूचनांचा आणि जाहिरातींचा इतका कचरा झाला की २०१८च्या डिसेंबरमध्ये गूगलला ती बंद करावी लागली. आणि आपली १९०९ची 'डीएनडी' इथे उपयोगी नाही. ती दूरसंचार कंपन्यांमार्फत येणारे फोन आणि संदेश अडवते. ब्लूटूथ कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जात नाही.

म्हणून मी खेळाकडे वळले. खेळात माणूस स्वतःहून येतो. ब्लास्ट थिअरी हा ब्रिटिश कलावंतांचा गट, त्यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर २००१ साली शेफील्डमध्ये एक खेळ केला, 'कॅन यू सी मी नाऊ?' इंटरनेटवर बसलेले खेळाडू शहराच्या नकाशावर पळायचे आणि खऱ्या रस्त्यांवर जीपीएस घेतलेली माणसं त्यांना पकडायला धावायची. उंच इमारतींपाशी जीपीएस चुकायचं. पण धावणाऱ्यांना हळूहळू कळलं की ते कुठे चुकतं, आणि त्यांनी ती चूकच डावपेचात वापरली. हे वाचल्यावर मला आमचा सराफा आठवला.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, राजवाड्याजवळच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं असतात. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोर खाऊगल्ली भरते, भुट्ट्याचा कीस, जिलेबी, थंडीत गराडू. जागा एकच, बिऱ्हाडं दोन. आम्ही आठ बीकन लावले. प्रत्येक जागी चित्राचा अर्धा तुकडा दिवसा मिळणार, अर्धा रात्री. दोन्ही वेळा आल्याशिवाय चित्र जुळत नाही.

पहिल्याच रात्री खेळ कोलमडला. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, त्या पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. सराफ्याच्या गर्दीत चार पावलांवरचा बीकन फोनला दिसेना. मग बीकन पाट्यांच्या वर, डोक्यांहून उंच टांगले, आणि अंतर मीटरमध्ये मोजणं सोडून दिलं. फक्त 'जवळ' आणि 'लांब'. सिग्नल हरवला की ॲप म्हणतं, गर्दीत हरवलात, जरा बाजूला होऊन खाऊन घ्या! शेफील्डकडून एवढं घेतलं.

बाकीची आमची रीत अशी. नाव, नंबर, लॉगिन काही मागायचं नाही. तुकडे फोनमध्येच राहतात, आमच्याकडे काही येत नाही. परवानगीची खिडकी ॲप उघडल्या उघडल्या आदळत नाही, पहिल्या ओट्यापाशी, कशासाठी ते एका वाक्यात सांगून येते. 'नको' म्हटलं तर ओट्यावर चिकटवलेला चार अंकी आकडा हातानं टाकूनही खेळता येतं. २०२३चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं हवं. आमच्याकडे घेण्यासारखंच काही नसल्यामुळे तो प्रश्न लवकर सुटला.

प्रश्न सुटला नाही तो पैशांचा. एक सराफ निम्मा खर्च उचलणार होते. त्यांची अट एकच, दुकानासमोर कोण किती वेळ थांबलं त्याची यादी. लग्नसराईत ती यादी सोन्याच्या भावाची, हे मलाही कळत होतं. माझा भागीदार म्हणाला, नावं नकोत, नुसते फोनचे क्रमांक देऊ. मला ते चार शनिवार आठवले. भागीदाराशी आठवडाभर अबोला होता. यादी दिली नाही, सराफ गेले, आठाचे पाच बीकन झाले आणि ॲपचा हिंदीबरोबरचा मराठी आवाज मी स्वतःच घरी, पंखा बंद करून, ध्वनिमुद्रित केला. ऐकलात तर मागे कुकरची शिट्टी ऐकू येईल.

गराडूवाले काका मात्र राहिले. त्यांनी सरळ विचारलं, "बेटा, इससे मेरा क्या फायदा? कितने आए, पता कैसे चलेगा?" प्रश्न रास्त होता. आम्ही असं ठरवलं की चित्र जुळलं की फोनवर एक शब्द येईल, खेळाडूनं तो काकांना सांगायचा, काका त्याला गराडूवर जिरावन जरा सढळ हातानं घालणार आणि डब्यात एक चिंचोका टाकणार. सकाळी त्यांचा नातू चिंचोके मोजतो. गेल्या थंडीपासून तो आकडा तेच आम्हाला फोन करून सांगतात, आणि दर वेळी दोन-चार वाढवून सांगतात असा माझा संशय आहे.

प्रश्न असतील तर आता घेऊ.