दार उघडायचं कुणी?

मुंबई मेट्रोत दारं आपोआप उघडतात. आपण फक्त उभं राहायचं. पॅरिसच्या मेट्रोत मात्र पुष्कळदा दाराशी उभ्या प्रवाशाला काम असतं. बऱ्याच गाड्यांत बटण दाबावं लागतं, आणि ‘एमएफ ६७’ या जुन्या बनावटीच्या गाड्यांत तर धातूची खिट्टी वर उचलावी लागते. सराईत पॅरिसकर गाडी पुरती थांबायच्या आतच ती उचलतो. नवखा पाहुणा दाराकडे बघतच राहतो! बंद करणं मात्र प्रवाशाच्या हाती नाही, हे बरंच. ज्या दाराशी कुणी नाही ते उघडतच नाही, त्यामुळे हिवाळ्यात डब्यातली ऊब टिकते. पण गर्दीच्या मार्गावर बटण दाबण्यातले दोन क्षणही महाग पडतात. लंडनच्या मेट्रोतल्या सेंट्रल लाइनवर १९९२ बनावटीच्या गाड्यांना अशी बटणं होती. पुढे ती निकामी करून दारं चालकाकडेच सोपवली.